दगड मारणारे चांगले की वाईट?

कुरुंदवाड,
ऑगस्ट २०२५

माझ्या लाडक्या भाचीस,


परवा फोनवर तू घाईत होतीस आणि मलाही नीट बोलता आलं नाही, म्हणून सवडीनं लिहायला बसले आहे. नांदणीच्या महादेवीला, आपल्या माधुरी हत्तिणीला, नेलं त्या रात्रीचे व्हिडिओ तुझ्या लेकानं पाहिले. माणसं रडताना पाहिली, पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडतानाही पाहिले आणि अंथरुणावर पडल्यावर विचारलं, "आई, दगड मारणारे चांगले की वाईट?" तू "झोप आता, सकाळी शाळा आहे" म्हणून वेळ मारून नेलीस. त्यानंतर दोन दिवस तो गप्प आहे. आता काय सांगू, असं तू विचारतेस.

आधी हे लक्षात घे, की प्रश्न फार चांगला आहे. नऊ वर्षांच्या पोराला याहून नेमका प्रश्न सुचणं अवघड. हत्तीण कुठे गेली, परत कधी येणार, हे कोणीही विचारील. यानं मात्र एकाच वेळी दोन गोष्टी पाहिल्या. जी माणसं आपल्यासारखीच रडत होती, त्यांच्यातल्याच कुणीतरी दगड उचलला. ज्यांच्याबद्दल आपल्याला माया वाटते ती माणसं चुकीचं वागू शकतात का, हे त्याला विचारायचं आहे. याचं उत्तर त्याला घरात मिळालं नाही, तर बाहेर ते देणारे पुष्कळ आहेत.

तेव्हा त्याला जवळ घे आणि सगळी हकीगत पहिल्यापासून सांग. नांदणी आपल्याच शिरोळ तालुक्यातलं गाव, तिथे जैन समाजाचा जुना मठ, मठात हत्ती पाळायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माधुरी तिथे तीस वर्षांहून जास्त राहिली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं तक्रार केली, की तिची तब्येत बरी नाही, पाय दुखावलेत, ती एकटी आहे, तिला दुसऱ्या हत्तींच्या सोबत ठेवावं. हे प्रकरण एका समितीपुढे गेलं, मग मुंबई उच्च न्यायालयात. १६ जुलैला न्यायालयानं तिला गुजरातेत जामनगरच्या वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात पाठवायला सांगितलं. मठ सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही २८ जुलैला निकाल मठाच्या विरुद्धच गेला आणि त्याच दिवशी तिला न्यायला माणसं आली. गावाच्या काळजाला घरं पडली. गर्दी झाली, दगडफेक झाली, पोलिसांच्या गाड्यांच्या काचा फुटल्या.

इथे थांबलीस तर गोष्ट अर्धीच राहील, आणि व्हिडिओवाल्यांनी पोरांना तेवढीच अर्धी दाखवली आहे. पुढे काय झालं ते सांग. ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, पायी चालत गेली. मूक पदयात्रा. म्हातारी माणसं होती, बायका होत्या. दोन लाखांवर सह्या जमल्या. ५ तारखेला मुख्यमंत्र्यांनी मुंबईत बैठक घेतली, पुन्हा न्यायालयात जायचं ठरलं, आणि वनताराकडूनही नांदणीच्या परिसरातच हत्तिणीसाठी केंद्र उभारण्याची भाषा सुरू झाली. आता त्याला विचार, "त्या रात्री दगड पडले तेव्हा हत्तीण थांबली का? आणि लोक चालत गेले तेव्हा काय झालं?" उत्तर तूच देऊन टाकू नकोस. त्याला विचार करू दे.

आणि त्याच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर दे. दगड मारणं वाईट. तो पोलीसही कुणाचातरी बाप असतो, त्याला हुकूम असतो, त्याच्या डोक्यात दगड बसला तर हत्तीण परत येत नाही. पण ज्यानं दगड मारला तो माणूस जन्मभराचा वाईट झाला असं नाही, त्या रात्री तो वाईट वागला. मुलांना हा फरक कळतो. वर्गातल्या मित्रानं पेन्सिल चोरली म्हणून तो चोर ठरत नाही, हे त्यांना आपल्याआधी उमगलेलं असतं. आपणच त्यांना माणसांचे गठ्ठे बांधायला शिकवतो.

संस्थेची आणि न्यायालयाची बाजूही सांगायला विसरू नकोस. तुझं मन मठाच्या बाजूनं आहे, माझंही आहे, आपल्या तालुक्यात कोणाचं नाही? पण हत्तिणीच्या पायांची काळजी करणारी माणसंही आपली वैरी नव्हेत, एवढं पोराच्या कानावर गेलं पाहिजे. "काही जणांना वाटलं, तिथे तिला बरं वाटेल. आपल्याला वाटलं, तिचं घर इथे आहे." एवढं वाक्य पुरे. ज्या घरात मूल दुसऱ्याची बाजू आईच्या तोंडून रागावाचून ऐकतं, त्या घरातलं मूल पुढे सहजासहजी कुणाच्या मागे धावत सुटत नाही, हे मी शिकवताना वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

तू म्हणालीस, "एवढ्या लहान वयात हे सगळं कशाला?" अगं, त्याला कळलेलंच आहे. कळू द्यायचं की नाही हा निर्णय आता आपल्या हातात उरलेला नाही, कोणाकडून कळावं एवढाच उरला आहे. २०१९ चा महापूर आठव. कोल्हापुरातल्या दुसरीतल्या पोरालाही तेव्हा पाठ होतं, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. इथे कुरुंदवाडात तर पोरं सकाळी उठून पाणी कुठवर आलं ते बघून यायची आणि घरात वर्दी द्यायची. भीती होतीच, पण पाणी किती, कुठे जायचं, सोबत काय घ्यायचं, हे मोठ्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं, म्हणून पोरं त्या भीतीसकट चांगली उभी राहिली. दंगलीची, मोर्चाची, बंदची बातमी आली की मात्र तीच मोठी माणसं आवाज खाली आणतात, एकमेकांकडे बघतात, पोर आलं की विषय बदलतात. पाण्याची पातळी सांगतो, तशी हीसुद्धा सांगावी.

आवाज खाली आणण्याचं काय होतं, ते माझ्या पिढीनं बघितलं आहे. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर आपल्या या भागात, कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जाळला गेला. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या लहानपणी हा विषय निघाला की ओसरीवरची माणसं एकदम गप्प व्हायची. कुणाचा वाडा जळाला, कुणी जाळला, कुणी आपल्या शेजाऱ्याला कोठीत लपवून ठेवलं, यातलं काहीच कुणी धड सांगितलं नाही. आम्हा पोरांना मिळाली ती कुजबुज. या आळीतल्या पोरांनी एक ऐकलं, त्या आळीतल्यांनी दुसरं, आणि जो तो आपापली अढी घेऊन मोठा झाला. जाळणाऱ्यांबरोबर लपवणारेही विसरले गेले, याचं मला फार वाईट वाटतं. ते तरी सांगायला हवे होते.

आता थोरलीबद्दल. ती तेरा वर्षांची आहे, तिच्या हातात फोन आहे, आणि तिची मला धाकट्याहून जास्त काळजी वाटते. जून २०२३ मध्ये तुम्ही कोल्हापुरात होता, तुला सांगायला नको. ६ जूनला शिवराज्याभिषेक दिन, त्याच सुमाराला काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं. ७ तारखेला बंद, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधुराच्या नळकांड्या, इंटरनेट बंद. स्टेटस ठेवणाऱ्यांत काही अल्पवयीन मुलं होती. तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असतील, एवढंच. त्यांना काय वाटलं असेल? मित्र बघतील, हसतील, कुणीतरी चिडेल, संपलं. त्या स्टेटसपायी ज्यांची दुकानं फुटली, त्या दुकानदारांची त्या पोरांशी ओळखदेखील नव्हती.

हे तिला सांग, पण धाक घालायला सांगू नकोस. "पोलीस धरून नेतील" असं म्हटलंस की ती फोन लपवून बघायला लागेल आणि तुला दाखवायची बंद होईल. त्यापेक्षा मी वर्गात काय करत होते ते लिहिते, उपयोग होतो का बघ.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत ऐन गणपतीत अफजलखानवधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. मिरज आपल्याला किती जवळ, रोज कितीतरी माणसं दवाखान्याला जातात. माझ्याकडे तेव्हा चौथीचा वर्ग होता. मिरजेची बातमी आल्यावर वर्ग भरला, तर पहिलीपासून एका बाकावर बसणारी दोन पोरं वेगवेगळ्या बाकांवर जाऊन बसलेली. एकानं दप्तर मधे ठेवलेलं. मी कुणाला काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं "पाहिलं", दुसऱ्या बाजूला "ऐकलं". म्हटलं, मिरजेचं ज्याला जे माहीत आहे ते सांगा, कुठल्या बाजूला लिहायचं तेही तुम्हीच सांगा. पोरं धडाधड बोलायला लागली. इतके मेले, तितके मेले, पाण्यात विष घातलं, ट्रक भरून माणसं आली. प्रत्येकाला विचारायचे, "तू पाहिलंस?" "नाही बाई, काका म्हणाला." "काकानं पाहिलं?" "काकाला फोन आला." ऐकलंची बाजू खालपर्यंत भरली. पाहिलंच्या बाजूला काय आलं ठाऊक आहे? एसटी आली नाही. बाबा लवकर घरी आले. चौकातलं बेकरीचं दुकान बंद होतं. आईनं खेळायला जाऊ दिलं नाही.

पोरं त्या फळ्याकडे बघत राहिली. मी एकच वाक्य बोलले, की ऐकलं त्या बाजूचं खरं असेल किंवा नसेल, पण त्यावरून कुणाशी भांडायचं नाही, घरी गेल्यावरही हीच रेघ आठवायची. ती दोघं त्याच दिवशी परत एका बाकावर बसली असं मी म्हणणार नाही. त्यांना तीन-चार दिवस लागले. मधल्या सुट्टीत गोट्यांचा डाव जमेना म्हणून ती परत एकत्र आली.

तीच रेघ थोरलीला वहीत मारायला सांग. आता अडचण अशी, की फोनवरचं सगळं तिला "पाहिलं" वाटतं. हे तिच्याशी बसून सोडवायला लागेल. व्हिडिओ दिसला म्हणजे आपण पाहिलं असं होत नाही. तो कुठला, केव्हाचा, कुणी काढला, आधी काय घडलं, नंतर काय, यातलं काही आपण पाहिलेलं नसतं. दुसऱ्याच राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा तुकडा आजचा म्हणून फिरतो. एक दिवस तिच्या ग्रुपवर आलेला एखादा व्हिडिओ घ्या आणि दोघी मिळून शोधा. गाडीच्या नंबर प्लेटवर काय अक्षरं आहेत, दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे, लोकांच्या अंगावर स्वेटर आहेत का, आणि आपल्याकडे सध्या काय हवा आहे. मुलींना असला तपास आवडतो. एकदा गंडवणारा व्हिडिओ तिनं स्वतः पकडला, की पुढचं ती आपण होऊन करील. आणि फॉरवर्ड करायच्या आधी एवढं स्वतःला विचारायला सांग, की आपल्या वर्गातल्या कुठल्या मैत्रिणीला हे वाचून उद्या शाळेत यावंसं वाटणार नाही. तिच्या वर्गात कोण कोण आहे, हे तिला नावानिशी आठवू दे.

गेल्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत घरांची, वाहनांची, मशिदीची मोडतोड झाली. वाद होता गडावरच्या अतिक्रमणांचा, आणि मार खाल्ला त्या वाडीनं. ही बातमी तिला माहीत आहे, तिच्या ग्रुपवर त्याचे व्हिडिओ मिरवले गेले होते, असं तूच सांगितलंस. त्या वाडीत तिच्याएवढ्या मुली राहतात, शाळेत जातात, त्यांचीही त्या दिवशी दप्तरं घरातच होती, हे तिच्याशी बोल. दोन दिवसांनी कोल्हापूरचे शाहू छत्रपती महाराज स्वतः तिथे जाऊन त्या लोकांना भेटले, हेही सांग. मुलांना मोडणारे हात पडद्यावर सारखे दिसतात, सावरणारे दिसत नाहीत, कारण सावरण्याचे व्हिडिओ कुणी काढत नाही. ते आपण सांगायचे.

थोरलीला इतिहासाची आवड आहे, म्हणून आणखी एक. तिला कुणीतरी म्हणणारच, की तू शिवबाची लेक आहेस तर अमक्यांचा राग आला पाहिजे. आपल्या कुरुंदवाडात नदीकाठी सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या फौजेला ज्यांनी सळो की पळो करून सोडलं, ते संताजी. तिला तिथे घेऊन ये, मी सगळं सांगेन. अफजलखानही सांगेन, औरंगजेबही सांगेन, काही गाळणार नाही. आणि हेही सांगेन, की शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, चिटणिशीत काझी हैदर होता. लढाया राज्याराज्यांत झाल्या. तिच्या वर्गातल्या मुलीनं त्यातली एकही लढाई लढलेली नाही. इतिहास ज्याला पूर्ण येतो त्याला भडकवणं अवघड जातं. म्हणून तिला थोडा नको, भरपूर इतिहास वाचायला दे.

एका गोष्टीची मला धास्ती वाटते. दंगलीपासून दूर ठेवताना तुम्ही पोरांना सगळ्याच आंदोलनांची भीती घालाल. "मोर्चा म्हणजे वाईट, रस्त्यावर उतरणारे म्हणजे गुंड" असं शहरातल्या घरांतून सर्रास बोललं जातं. तुझ्या लेकरांच्या बाबतीत ते होऊ देऊ नकोस. त्यांचा आजा, माझा भाऊ, उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेला माणूस आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला तो दरसाल जायचा. घरात आम्ही भाकऱ्या बांधून द्यायचो. शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला टनामागे चार पैसे जास्त मिळाले ते कुणी दया करून दिले नाहीत, त्यासाठी माणसं थंडीत महामार्गावर बसली. २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, तेव्हा कुठे मागच्या हंगामाच्या उसाला टनाला पन्नास-शंभर रुपये जादा द्यायचं ठरलं. त्याच आंदोलनांत कधी उसाच्या ट्रॅक्टरची टायरं फोडली गेली, कधी गाड्या पेटल्या, आणि २०१२ साली सांगली जिल्ह्यात वसगड्याला पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा जीव गेला. हे सगळं एकाच लढ्याच्या पोटात होतं. पोरांना दोन्ही सांग. हक्क मागणं चांगलं, त्यासाठी गर्दी करणं चांगलं, घसा बसेपर्यंत ओरडणंसुद्धा चांगलं. पण टायर फोडला तो ट्रॅक्टर दुसऱ्या एखाद्या कर्जबाजारी पोराचा होता. आजोबांना फोन लाव आणि धाकट्याला विचारू दे, "तुम्ही दगड मारला होता का?" तो खरं उत्तर देईल, मला खात्री आहे, आणि ते उत्तर तुझ्या-माझ्या सांगण्याहून त्याला जास्त लागेल.

घरातल्या काही बारीक गोष्टी. जेवताना टीव्हीवर त्या ओरडणाऱ्या चर्चा लावू नका. मुलाला शब्द कळत नाहीत, पण मोठी माणसं एकमेकांवर किंचाळतात हे कळतं, आणि ते त्याच्या पोटात जातं. बातम्या बघायच्या तर तू बघ, वाच, मग त्याला तुझ्या शब्दांत सांग. रात्री झोपायच्या वेळी हा विषय काढू नकोस, संध्याकाळी काढ, म्हणजे नंतर खेळायला, जेवायला, हसायला वेळ राहतो. सांगण्याआधी त्याला काय काय माहीत आहे ते विचार. पुष्कळदा त्यांच्या डोक्यात आपल्या कल्पनेपलीकडचं काहीतरी असतं. माझ्या वर्गातल्या एका पोरीला वाटत होतं, की संचारबंदी म्हणजे श्वास घ्यायलाही बंदी. तुला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर नाही म्हण, आणि शोधून सांगते म्हटलंस तर खरंच सांग.

तो दोन दिवस गप्प आहे म्हणालीस. शाळेला निघताना पोट दुखतं म्हणायला लागला, रात्री दचकून उठायला लागला, तर त्याला फार प्रश्न विचारू नकोस, जवळ झोपव. त्याला बहुधा वेगळीच भीती असते, आपल्या घरावर येतील का, बाबा कामावरून परत येतील का. त्याला तुमचा बेत सांग. गडबड झाली तर बाबा कुठे थांबतील, शाळेतून कोण आणायला येईल, शेजारच्या कुठल्या घरी बसायचं. महापुरात सांगितलं होतं तसंच. आणि तो खेळात हत्तीण, पोलीस, दगड असं काही करत असेल तर ओरडू नकोस. पोरं घाबरलेलं सगळं खेळून बाहेर काढतात. फक्त शेवट काय करतो ते बघ.

त्याला मोर्चात नेऊ का, असंही तू विचारलंस. माझं मत विचारशील तर, एवढ्या लहान पोराच्या हातात फलक देऊ नये. त्यावरचे शब्द त्याचे नसतात. त्याला हत्तिणीचं चित्र काढायचं असेल तर काढू दे, पत्र लिहायचं असेल तर लिहू दे, त्याच्या अक्षरात, त्याच्या चुकांसकट. पाहुण्यांसमोर उभं करून "सांग रे, कोण बरोबर?" असं मात्र कधी विचारू नका. पोरगं मग आपल्याला आवडेल ते बोलायला शिकतं.

२७ तारखेला गणपती बसतील. यंदा पोरांना घेऊन ये. कुरुंदवाडातल्या पाच मशिदींत गणपती बसतो, हे त्यांना ऐकून माहीत आहे, पण थोरली समज येण्याआधीच तुम्ही कोल्हापूरला गेलात, तिनं नीट बघितलेलं नाही. २०१८, २०१९ आणि २०२० अशी ओळीनं तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा इथे पीरांचे पंजे आणि गणपती एका छताखाली होते. २०१९ ला तर पूर ओसरून महिनासुद्धा झाला नव्हता, भिंतींना ओल होती, तरी बसवले. कारखाना मशीद, शेळके मशीद, दोन्हीकडे मी त्यांना नेईन. पण "बघा, आपलं गाव कसं गुण्यागोविंदानं नांदतं" असं सांगून त्यांना नुसतं दर्शनाला नेणार नाही. मांडव घालणाऱ्यांशी, आरतीचं ताट आणणाऱ्यांशी, मशिदीत जागा मोकळी करून देणाऱ्या बुजुर्गांशी त्यांना बोलायला लावणार आहे. मिरज पेटली तेव्हा काय केलंत, पोरांना कसं आवरलंत, असं थोरलीनं त्यांना विचारावं. हे आपोआप होत नाही. दर वर्षी कुणीतरी बैठकीला वेळ देतं, कुणीतरी एखाद्या तापलेल्या पोराला बाजूला घेऊन बसतं. ते काम करणारी माणसं तिनं बघावीत, वहीत "पाहिलं" या बाजूला लिहायला तिला काहीतरी मिळेल.

राहता राहिले जावईबापू. त्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर काय काय येतं आणि ते पोरांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तू हळूच सांगितलंस. माणूस मनानं चांगला आहे, पोरांवर जीव आहे, म्हणून मला ते जास्त लागलं. तू त्यांच्याशी भांडत बसू नकोस, पोरांसमोर तर नाहीच. हे पत्र त्यांना वाचायला दे. त्यांना राग आला तर म्हणावं आत्यांना फोन करा, मी घरीच असते. गणपतीत आले की मी स्वतः त्यांच्याशी बोलणारच आहे.

येताना शिरोळवरून या, आणि पाऊस लागून राहिला तर निघण्याआधी फोन कर. पाणी चढलं की नरसोबाच्या वाडीकडचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

तुझी
आत्या